कुंडीतल्या मिरच्यांचं घरचं तिखट: वाळवण, कांडण आणि साठवण

गच्चीबाग_सातारा
९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

काल संध्याकाळी तिखटाची बरणी भरली आणि तोंडाला दादरा (फडकं) बांधला. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे वर्ष निघेल. यातली एकही मिरची बाजारातली नाही, सगळ्या गच्चीवरच्या १४ कुंड्यांमधल्या.

एवढं सविस्तर लिहायचं कारण गेल्या वर्षीचं आहे. तेव्हाही मिरच्या लावल्या, वाळवल्या, मिक्सरवर दळल्या. जुलैत बरणी उघडली तर तिखटाचे गोळे झालेले आणि वास कुबट. साधारण ६०० ग्रॅम तिखट टाकून द्यावं लागलं. सहा-सात महिने रोज पाणी घालून वाढवलेली झाडं होती, फार वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं की दळण्यात काहीच चुकलं नव्हतं, मिरची मुळात वाळलीच नव्हती. बोटांना कडक लागत होती, पण देठाच्या टोपीखाली ओल तशीच होती. म्हणून यंदा सगळा जीव वाळवणावर लावला.

आधी झाडांबद्दल थोडं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलं, जुलैच्या मध्यावर रोपं रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांमध्ये हलवली. एकूण १६ होती, ब्याडगी, संकेश्वरी आणि तीन लवंगी. ऑगस्टमध्ये दोन झाडांवर बोकड्या आला, पानं वाटीसारखी आकसली. ती दोन्ही लगेच उपटून टाकली, बाकीची वाचली. पहिली लाल मिरची ऑक्टोबरच्या शेवटी मिळाली आणि जानेवारी अखेरपर्यंत आठ तोडे झाले.

तोडताना घाई करायची नाही. मिरची पूर्ण लाल झाली तरी झाडावरच राहू द्यायची, टोकाकडे सुरकुती दिसायला लागली की तोडायची. अर्धं पाणी झाडावरच उडून जातं असं समजा. तोडायची ती देठासकट, आणि दव पूर्ण सुकल्यावर, म्हणजे थंडीत सकाळी दहानंतर. देठ आत्ताच काढला तर तिथे उघडं तोंड राहतं आणि बुरशी तिथूनच शिरते.

तोडल्यावर दोन दिवस गोणपाटावर सावलीत पसरून ठेवते, जिथे शेंदरी राहिलेली असते तिथेही रंग चढतो. मग उन्हात. जुन्या बाजेवर चटई टाकली, त्यावर मिरच्या एका थरात, वर जुनी सुती साडी. बाजेमुळे खालूनही वारा लागतो. गेल्या वर्षी प्लॅस्टिकच्या कागदावर टाकल्या होत्या, त्याच्या खालच्या बाजूला घाम धरत होता, हे तेव्हा कळलं नाही. ऊन कलायच्या आत सगळं घरात. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडतं, एक रात्र बाहेर राहिली की तीन दिवसांचं ऊन वाया.

आता वाळली हे कसं ओळखायचं? यंदा एक गोष्ट केली. प्रत्येक तोड्यातल्या दहा मिरच्या दोऱ्यात ओवून वेगळ्या ठेवल्या आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन केलं. एका तोड्याची वही समोर आहे: पहिल्या दिवशी ९६ ग्रॅम, पाचव्या दिवशी ५१, दहाव्या दिवशी २६, बाराव्या दिवशी २४, तेराव्या आणि चौदाव्या दिवशीही २४च. वजन उतरायचं थांबलं की मिरची वाळली. त्या दिवशी मिरची कानाशी धरून हलवली की आतलं बी खुळखुळतं आणि देठाजवळ मोडली तर कट् असा आवाज येऊन दोन तुकडे होतात. नुसती वाकली तर परत उन्हात टाकायची.

एकूण हिशोब असा: ओली लाल मिरची ५ किलो २०० ग्रॅम, वाळून १ किलो २५० ग्रॅम, देठ काढल्यावर १ किलो १६०, आणि चाळून तिखट १ किलो १०० ग्रॅमच्या थोडं वर.

दळायच्या दिवशी देठ काढून दोन तास कडक उन्हात ठेवल्या आणि पूर्ण गार होऊ दिल्या. मिक्सरच्या भांड्यात निम्म्याहून कमी भरायच्या आणि थांबून थांबून फिरवायचं. भांडं हाताला गरम लागलं की थांबायचं, नाहीतर रंग आणि वास दोन्ही उतरतात. झाकण लगेच उघडू नका, सात-आठ मिनिटं धूळ खाली बसू द्या. मैद्याच्या चाळणीने चाळून वरचा चाळ परत फिरवला.

फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकते. तुमच्या पद्धती लिहा.

---

कृष्णाकाठ
९ फेब्रुवारी, रात्री १०:२५

ताई, वजनाची युक्ती फार आवडली. आमच्याकडे आई मिरची कानाशी धरूनच सांगते, पण तिचा हात मला नाही, मला काटाच लागणार.

मिक्सरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मिक्सरचं पातं मिरची कापतं, डंख (मसाला कांडायचं यंत्र) कुटतो. कुटलेल्या तिखटात बियांचं तेल सुटून मिसळतं, रंग वेगळा दिसतो आणि भाजीवर तवंगही चांगला येतो. अडचण एकच, डंखवाले एक-दीड किलो घेत नाहीत, आणि घेतलं तरी आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळात असतोच. त्यामुळे आम्ही कॉलनीतली तीन घरं मिळून एकाच दिवशी जातो.

घरच्या मिरच्यांचं नुसतं तिखट करण्यापेक्षा कांदा-लसूण मसाला करा असं मी सांगेन. आमच्या घरचं माप एक किलो मिरचीला: धणे पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, कांदा अर्धा किलो उभा चिरून उन्हात सुकवून तळलेला, लसूण पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, हळकुंड २५ ग्रॅम, खडा हिंग १० ग्रॅम. लवंग, दालचिनी, मिरे, मसाला वेलची, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, बाद्यान हे प्रत्येकी १० ग्रॅम. खडे मसाले एकेक करून तेलात तळायचे, सगळे एकदम नाही, कारण दगडफूल लवंगेच्या आधी करपतं. मिरची मात्र शेवटी, आणि गॅस बंद करून गरम कढईत नुसती परतायची. मिरची काळी पडली की अख्खा मसाला कडू. खडे मीठ वाटीभर, कांडताना.

---

बाल्कनी_ठाणे
१० फेब्रुवारी, सकाळी ८:१०

माझ्याकडे सात कुंड्या आहेत, पण पूर्वेची बाल्कनी, ऊन जेमतेम तीन तास. मिरच्या लाल होतात, वाळायला टाकल्या की आठ दिवसांनी मऊच. काहींच्या आत पांढरट कापसासारखं दिसतं. तेवढा भाग काढून बाकीची वापरली तर चालेल का? आणि मायक्रोवेव्हमध्ये वाळवता येतात का?

---

अन्नतंत्र
१० फेब्रुवारी, सकाळी १०:५०

@बाल्कनी_ठाणे, नाही, कृपया वापरू नका. आत पांढरं-हिरवट दिसतं ती बुरशी आहे. मिरचीवर अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशी वाढतात, आणि त्यातली फ्लेव्हस ही अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. यकृतासाठी ते घातक आहे. ते फोडणीत किंवा रश्शात उकळून जात नाही, साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाही. आणि बुरशी दिसते त्या डागापुरतीच असते असंही नाही. मिरची फोडून आत पाहायची सवय लावा, अशी निघाली की ती आख्खी टाकायची.

ओल्या पिकल्या मिरचीत वजनाच्या तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणी असतं. वाळल्यावर ते दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास यायला हवं, तरच ती पावसाळ्यात टिकते. गच्चीबागताईंचे ९६ वरून २४ हे आकडे त्या हिशोबाला अगदी जुळतात. त्यांच्या वहीतलं पुन्हा वाचा: दहाव्या दिवशी २६ होतं आणि शेवटी २४. गेल्या वर्षी बहुधा याच शेवटच्या दोन ग्रॅमनी घात केला. पहिलं पाणी भराभर जातं, शेवटचं जाता जात नाही, आणि बुरशीला तेवढं पुरतं.

मायक्रोवेव्ह नको. मिरची आतून जळते आणि धूर घरभर होतो, श्वासाला त्रास. ओव्हन असेल तर सगळ्यात कमी तापमानावर, दार बोटभर उघडं ठेवून, मिरच्या उभ्या चिरून. पण त्याआधी चार-पाच दिवस देठाला दोरा बांधून वाऱ्याच्या खिडकीत टांगा, बरंचसं पाणी तिथेच जाईल.

---

खानदेशी_वारा
१० फेब्रुवारी, दुपारी ३:३०

आमच्या नंदुरबारला या. मिरचीचा हंगाम सुरू झाला की शहराबाहेर पथाऱ्या लागतात, नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल. बाजार समितीत ओली लाल मिरची येते, व्यापारी घेतात आणि पथारीवर वाळवतात. बायका दिवसभर मिरची उलटतात, फटकी वेगळी काढतात. फटकी म्हणजे पांढरी पडलेली, रंग उडालेली मिरची. अवकाळी पाऊस आला की तासाभरात पथारीचं मातेरं होतं, ते लहानपणापासून पाहतोय. त्या बायका डोक्याला-तोंडाला फडकं बांधून काम करतात, तरी संध्याकाळी हाताची आग असतेच. तेल चोळून मग साबण लावायचा, नुसत्या पाण्याने काही होत नाही.

घरी तपासायची आमची एक रीत सांगतो. वाळलेल्या मूठभर मिरच्या काचेच्या कोरड्या बरणीत घालायच्या, झाकण घट्ट लावायचं आणि बरणी तासभर उन्हात ठेवायची. काचेला आतून धुकं किंवा थेंब दिसले तर मिरची वाळलेली नाही. काटा नसला तरी हे जमतं.

---

गच्चीबाग_सातारा
१० फेब्रुवारी, रात्री ८:१५

@खानदेशी_वारा, बरणीची रीत मला माहीत नव्हती, मनापासून आभार. गेल्या वर्षी हे एवढं केलं असतं तरी ६०० ग्रॅम वाचलं असतं.

@कृष्णाकाठ, मसाल्याचं माप उतरवून घेतलं. पुढच्या खेपेला अर्धी मिरची मसाल्याला.

@बाल्कनी_ठाणे, तुमच्याकडे मिरची कोणती आहे? भावनगरी किंवा ढोबळीसारखी जाड सालीची असेल तर तीन तासांच्या उन्हात ती वाळायच्या आधी कुजणारच. तिचा ठेचा करा, किंवा मीठ-मेथी भरून भरली मिरची. तिखटाला पातळ सालीची हवी. ब्याडगीवर सुरकुत्या असतात ना, ती साल कागदासारखी, चटकन वाळते.

---

मिरसांग
११ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

गोव्यातून लिहिते आहे. आमच्या काणकोणला खोल्याची मिरची होते, आम्ही मिरसांग म्हणतो. डोंगराच्या उतारावर, पावसाच्याच पाण्यावर. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती पाऊस असतानाच पिकते, म्हणजे वाळवणाचे दिवस नेमके ढगाळ. माझी सासू मिरची चुलीच्या वर, माळ्याच्या वाशाला सुपात ठेवायची. चुलीची धग हळूहळू लागायची. गणपतीनंतर ऊन आलं की मग अंगणात. त्या मिरचीला धुराचा हलका वास यायचा, रेशादोला (आमच्या लाल वाटलेल्या मसाल्याला) तो फार शोभायचा. आता चूल नाही, सूप आहे.

मिरची पहिल्यांदा इथेच उतरली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरे होते. मला नेहमी वाटतं, एवढ्या थोड्या काळात तिने प्रत्येक तालुक्यात वेगळं रूप घेतलं, ते घरोघरी बी राखणाऱ्या बायकांमुळे. ताई, तुम्ही बी राखता ना?

---

गच्चीबाग_सातारा
११ फेब्रुवारी, दुपारी १:०५

राखते. पण यंदा ब्याडगीचं बी दुकानातल्या वाळल्या मिरचीतून काढलं होतं आणि सहा झाडांपैकी दोनांना लांबट, गुळगुळीत मिरची आली. शेजारीण म्हणाली की बाजूला लवंगी लावल्यामुळे असं झालं. तसं असतं का?

---

अन्नतंत्र
११ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

नाही. या वर्षीचं फळ आईझाडासारखंच येतं, शेजारच्या झाडाचे परागकण त्याची साल किंवा तिखटपणा बदलत नाहीत. बदल होतो तो बियांमध्ये, म्हणजे पुढच्या पिढीत. ढोबळीशेजारी मिरची लावली तर ती गोड होते, हेही त्याच कारणाने खरं नाही. तुमच्या दोन झाडांचा संकर तुमच्या गच्चीवर नाही, आधीच कुठेतरी झालेला असणार. किंवा ते बी संकरित वाणाचं असेल. बी राखायचं असेल तर एका फांदीवर कळ्या असतानाच मलमलची पिशवी बांधा, फळ धरलं की पिशवी काढून त्या फांदीला दोरा बांधून ठेवा.

बियांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. तिखटपणा बियांत असतो म्हणून बी काढून टाकतात, पण तो असतो बी ज्याला चिकटलेलं असतं त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. बी त्याला घासून तिखट होतं इतकंच. रंगाला लाल तिखट हवं असेल तर थोडं बी काढा, तिखटपणा कमी करायचा असेल तर शीर काढा.

---

भिवापूरकर
१२ फेब्रुवारी, रात्री ११:००

आमच्या भिवापुरी मिरचीलाही मानांकन आहे, नागपूर जिल्ह्यातली. सावजीचा रस्सा तिच्याशिवाय होत नाही. माझी आजी तिखटात अळशीच्या तेलाचा हात लावायची, रंग खुलायचा. तुम्ही तेल लावता का?

---

कृष्णाकाठ
१३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

आम्ही लावतो, पण महिन्याभरात संपणाऱ्या डब्यालाच. वर्षाच्या बरणीला नाही. तेल खवट होतं आणि मग तिखटालाच वास येतो. वर्षाच्या बरणीत तळाला, मध्ये आणि वर हिंगाचे खडे टाकायचे, किडा लागत नाही. बरणी चिनी मातीची, अंधारात. काचेच्या बरणीत तिखट छान दिसतं, पण उजेडाने सहा महिन्यांत विटकरी होतं.

---

परदेशी_परसबाग
१५ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

न्यू जर्सीत अंगणात दहा झाडं लावते. इकडे मार्चमध्ये घरात दिव्याखाली बी टाकायचं, मे संपत आला की रोपं बाहेर, आणि ऑक्टोबरमध्ये हिमकणांची भीती. म्हणजे मिरची लाल व्हायला लागते आणि झाड मरतं. एका वर्षी सगळी हिरवीच गोठली. तेव्हापासून थंडीची सूचना आली की आदल्या दिवशी झाडं मुळासकट उपटते आणि गॅरेजमध्ये उलटी टांगते. पुरती वाढलेली हिरवी मिरची तिथे दोन आठवड्यांत लाल होते. कोवळी होत नाही, तिचा ठेचा.

ऊन नाहीच, म्हणून वाळवणयंत्र. उभी चिरून, ५७ अंश सेल्सिअसला दहा-बारा तास. यंत्र ओसरीत ठेवा, घरात नको. मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात लावलं तर रात्री मुलीला खोकल्याची उबळ थांबेना, सगळ्या खिडक्या उघडून बसलो होतो. तिखट उत्तम होतं, पण उन्हाचा वास नसतो. तो इथे बसून आठवते.

@बाल्कनी_ठाणे, जागा असेल तर छोटं वाळवणयंत्र घ्या. पापड, कैरी, कढीपत्ता सगळ्याला उपयोगी पडतं.

---

बाल्कनी_ठाणे
१६ फेब्रुवारी, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. बुरशी असलेल्या सगळ्या टाकल्या. झाडांवर अजून ३० एक पिकलेल्या आहेत, पातळ सालीच्या, लवंगीसारख्या. त्या झाडावरच सुरकुतू देते, मग ओवून खिडकीत, आणि शेवटी ओव्हन. काटा बहिणीकडून आणला आहे.

---

खानदेशी_वारा
१७ फेब्रुवारी, दुपारी २:१५

लवंगी असेल तर देठाजवळ सुईने टोचून ओवा, पोटातून नाही. पोटात भोक पडलं की तिथून काळी पडते. आणि दोन मिरच्यांत बोटभर अंतर ठेवा.

---

गच्चीबाग_सातारा
२ मार्च, सायंकाळी ६:४५

आज बरणी उघडून पाहिली. तिखट सुटं आहे, वास पहिल्या दिवशीसारखा. पावसाळ्यात पुन्हा उघडून इथे लिहीन, खरी परीक्षा जुलैत. थोडं तिखट झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमध्येही ठेवलं आहे, दोन्हींचा रंग शेजारी ठेवून फोटो टाकते. एका झाडाला फांद्या छाटल्यावर नवी पालवी आली आहे, ते उन्हाळ्यात सावलीच्या जाळीखाली जगवते.

---

बाल्कनी_ठाणे
११ मार्च, रात्री ९:२०

झालं! ३४ मिरच्या, ओलं वजन ७१ ग्रॅम. खिडकीत सहा दिवस, मग ओव्हनमध्ये दोन वेळा. १८ ग्रॅमवर काटा थांबला. तरी खात्री वाटेना, म्हणून खानदेशी काकांनी सांगितलं तसं काचेच्या बरणीत घालून सकाळच्या उन्हात तासभर ठेवल्या. थेंब आला नाही. आईकडून छोटा खलबत्ता आणून कुटल्या, चमचा-चमचा करून. संध्याकाळी पिठलं केलं आणि वरून तेल-तिखटाची फोडणी याच तिखटाची घातली. मिस्टरांनी दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली. अजून अर्धी वाटी शिल्लक आहे, ती अंधारात ठेवली आहे, हिंगाचा खडा घालून. जूनमध्ये बी टाकायच्या वेळी पुन्हा येते.